दोन बिया दुधातून? घेऊ नका!

श्रावण लागला की हा मेसेज फिरायला लागतो. यंदाही तासगावातल्या आमच्या तीन ग्रुपवर आला: "धोतरा महादेवाला चालतो, मग माणसाला कसा बाधेल? दम्यावर दोन बिया दुधातून घ्या. जास्त झालंच तर दारूसारखी नशा होते, लिंबू पिलं की उतरते." वीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढली आहेत, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देते.

महादेवाला चालतो. हो, श्रावणी सोमवारी सागरेश्वराला आम्हीही वाहतो. पण वाहतो, खात नाही. हलाहल पचवणारा देव म्हणून तर त्याला धोतरा!

दम्यावर चालतो, यात थोडं तथ्य आहे. धोतऱ्यानं श्वासनळ्या सैलावतात. १८०२ च्या सुमारास त्याचा धूर घ्यायची रीत भारतातूनच इंग्लंडला गेली आणि पुढं तिकडं दम्याच्या सिगारेटीही विकल्या जायच्या. पण त्याच कुळातली इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम ही औषधं आता पंपातून मिळतात आणि ती मेंदूत फारशी शिरत नाहीत.

"दोन बिया" हे माप तर मला सगळ्यात भयंकर वाटतं. बियांत अॅट्रोपिन, हायोसायमिन, स्कोपोलामिन ही विषारी द्रव्यं असतात. किती, ते झाडागणिक बदलतं. द्राक्षबागेतलं फवारणीचं औषध अंगात भिनलेल्या माणसाला आम्ही हेच अॅट्रोपिन द्यायचो. इंजेक्शनच्या अॅम्प्यूलवर ०.६ मिलिग्रॅम छापलेलं, तरी दर थोड्या वेळानं नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, छाती बघूनच पुढचा डोस. धोतऱ्याच्या बोंडावर काय छापलंय? आयुर्वेदात धोतरा आहेच, पण वैद्य तो शोधन करून, म्हणजे आधी त्यातलं विष कमी करून देतात, आणि कायद्यानंही त्याच्या बिया विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत.

आता नशेचं. असाच उपाय केलेले एक आजोबा आले होते. जीभ टाळूला चिकटलेली, अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, बाहुल्या पसरून डोळे नुसते काळे. चादरीवर बोटं चालवत ते द्राक्षाचे घड विरळत होते. एकेक मणी चिमटीत धरून बाजूला टाकायचे, आणि रिकाम्या कोपऱ्याकडं बघून म्हणायचे, "बस की, चहा घे." बायकोला मात्र ओळखेनात. लघवी तुंबली, नळी घालावी लागली. दोन दिवसांनी भानावर आले तेव्हा त्यांना काही आठवत नव्हतं. दारू चढलेल्याला निदान आपण प्यालोय हे ठाऊक असतं. यांना चादर हीच बाग होती. असा माणूस घराबाहेर पडला तर विहीर आणि रस्ता यातला फरक त्याला कळत नाही.

आणि लिंबानं काहीही उतरत नाही. धोतऱ्यानं आतडी मंदावतात, बी पोटात राहून विष सोडत राहतं. भान हरपलेल्याला काही पाजलं तर ते छातीत जायची भीती. त्या आजोबांना "बाहेरचं लागलं" म्हणून आधी देवऋष्याकडं नेलं होतं, त्यात दोन तास गेले. तसं करू नका. १०८ ला फोन करा आणि उरलेल्या बिया बरोबर आणा. धोतऱ्याचं बी मिरचीच्या बीसारखं दिसतं, पण मिरचीचं बी पिवळट असतं, हे तपकिरी, खडबडीत. आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात पुडी सापडली, म्हणून आम्हाला लगेच कळलं.