कुर्डुवाडी की बार्शी रोड? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बार्शी लाईटवरच्या, म्हणजे कुर्डुवाडी-बार्शी भागातल्या जुन्या छोट्या रेल्वेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन ताशेरे ओढलेत. कुर्डुवाडीला रेल्वे 1897 साली आली हे चूक; स्टेशनला 'बार्शी रोड' म्हणणं हा गावावर अन्याय; आणि अरुंद रूळ ही इंग्रजांची निव्वळ कंजुषी असताना मी तिचे गोडवे गायले.

पहिला ताशेरा मान्य. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) मोठी लाईन पुण्याकडून इथवर 1859 सालीच पोचली होती. 1897 साल आहे ते कुर्डुवाडी-बार्शी छोट्या लाईनचं. घाईत दोन्हींची गल्लत झाली, लेखात दुरुस्ती केली आहे.

नावापुढे मात्र माझा नाइलाज आहे. स्टेशनचं नावच तेव्हा 'बार्शी रोड' होतं. कापसाची, धान्याची पेठ बार्शीला, आणि मोठी लाईन गेली तिला पस्तीसेक किलोमीटर बाजूला टाकून. म्हणजे बार्शीला जायचं तर इथे उतरा, एवढाच त्या नावाचा अर्थ. पुढे जंक्शन आणि वर्कशॉप दोन्ही पडलं कुर्डुवाडीच्याच पदरात, हेही विसरू नका!

आता कंजुषी. ही छोटी लाईन बांधणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, घेतलं अडीच फुटी आणि रूळ हलके, हे खरं. पण खुबी पुढे आहे. इंजिन असो की वाघीण, कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही, असा सगळा हिशेब त्याने बसवला. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जाऊ लागला. ही लाईन 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. आषाढीला टपावर बसून पंढरपूरला जाणारे वारकरी तुमच्याही घरात कुणी ना कुणी पाहिले असतील. तेव्हा छोटी लाईन की मोठी, असा प्रश्नच नव्हता. छोटी लाईन की बैलगाडी, एवढाच होता. दोष काढायचाच तर कुर्डुवाडीच्या मालधक्क्याचा काढा. मुंबईला जाणारी कापसाची प्रत्येक गाठ तिथे उतरवून मोठ्या लाईनच्या वाघिणीत पुन्हा चढवावी लागे. शिवाय धाराशिवसारखं जिल्ह्याचं गाव या लाईनवर नव्हतंच, येडशीला उतरावं लागे. ती चूक गेज बदलताना सुधारली.

तुमच्या बाजूचा एक पुरावा तुम्ही दिला नाहीत, तो मीच देतो. एप्रिल 2016 मध्ये पाण्याची पहिली गाडी मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी करत लातूरला गेली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर घेऊन. गावं सगळी बार्शी लाईटचीच. पण त्या वाघिणी आल्या होत्या राजस्थानातल्या कोट्याहून, अडीच फुटी रुळांवर त्या चढल्याच नसत्या.