खुलासा: पावसाळ्यात बॅटरी फुल्ल करून ठेवू नका

‘ई-माउंटन बाइक (डोंगरवाटांसाठीची बॅटरीवाली सायकल) पावसाळाभर बंद ठेवणार असाल तर बॅटरी 100 टक्के चार्ज करून ठेवा’ असा मेसेज बेळगाव-खानापूर भागात फिरतोय. कृपया तसं करू नका. या बॅटरीतले लिथियम-आयन सेल महिनोन्‌महिने पूर्ण भरलेले राहिले की आतून लवकर झिजतात. गेलेली क्षमता परत येत नाही. पार रिकामी ठेवणं तर आणखी वाईट, कारण बॅटरीतलं सर्किट थोडी थोडी वीज ओढतच असतं आणि रिकामी बॅटरी आणखी खाली जाऊन खराब होते. 40 ते 60 टक्क्यांवर बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवा, महिन्याला एकदा तपासा. बॅटरी जोडायच्या धातूच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर कोरड्या मऊ ब्रशने काढा. आणि बाइकला लागलेली जांबोटीकडची तांबडी माती प्रेशर वॉशरने धुऊ नका, पाणी सील ओलांडून बेअरिंगमध्ये शिरतं.