कवळी, भाकरी आणि वय : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका (चौऱ्याहत्तरावं लागलंय असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका),

आतड्यांतल्या जीवाणूंवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. 'बायकांच्या आतड्यांत पुरुषांपेक्षा जास्त प्रकारचे जीवाणू असतात' हे मी ठोकून दिलं. आणि 'वय वाढलं की ही वस्ती विरळ होते' म्हणत समस्त म्हाताऱ्यांना मोडीत काढलं.

पहिला मान्य. 2019 साली अमेरिका, ब्रिटन, कोलंबिया आणि चीनमधल्या लोकांची तुलना झाली. तरुण बायकांत विविधता जास्त दिसली खरी, पण चाळिशीच्या सुमाराला फरक मिटला, आणि चिनी लोकांत तो दिसलाच नाही. ही उरलेली अर्धी गोष्ट मी गाळली. पण म्हणून सगळं थोतांड नव्हे. 2013 मध्ये मधुमेहाकडे झुकणाऱ्या जातीच्या उंदरांत नरांचे जीवाणू मादी पिल्लांना दिले, तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन (नरांत जास्त असणारं संप्रेरक) वाढलं आणि मधुमेह बराचसा टळला. उंदरांचं आहे, माणसाला लगेच चिकटवू नका.

दुसऱ्यावर मात्र थोडं भांडते. वय खरंच हुकूम चालवतं ते पहिल्या तीनेक वर्षांत. आईच्या दुधातल्या काही साखरा बाळाला पचतच नाहीत, त्या बायफिडोबॅक्टेरिया नावाच्या, बाळाच्या आतड्यांतल्या जीवाणूंसाठी असतात. दूध सुटलं, वरणभात सुरू झाला की वस्ती पालटते. म्हातारपणाचं तसं नाही. आयर्लंडमध्ये 2012 साली 178 ज्येष्ठ तपासले. घरी राहणाऱ्यांत विविधता जास्त, काळजीकेंद्रात मुक्काम असणाऱ्यांत कमी, आणि ती आहाराशी जुळणारी.

माझ्या आजीला कवळी बोचायची. आधी भाकरी गेली, मग मटकीची उसळ, मग पेरू. उरला मऊ भात आणि दूध-बिस्किट, वर रात्री चूर्ण. आम्ही म्हणायचो, वयच झालं. जीवाणूंना खायला चोथा उरला नव्हता, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

'गोऱ्यांचे आकडे आपल्याला कशाला?' हा तुमचा टोला रास्त. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये दोन एकत्र कुटुंबांतल्या, एकाच छपराखालच्या तीन पिढ्या तपासल्या. वयानुसार बदल दिसले, पण पाश्चात्त्यांच्या धर्तीचे नव्हते. नमुना अगदीच छोटा, म्हणून लेखात घेतला नव्हता. घ्यायला हवा होता.

तुम्ही रोज ज्वारीची भाकरी चावून खाता म्हणालात. दात स्वतःचे की कवळी, तेवढं कळवा.