'उगाच घाबरवून राहिल्या' : एका प्रतिक्रियेला उत्तर

गर्भाची मज्जासंस्था कशी घडते, या लेखावर 'धरमपेठकर' या टोपणनावानं आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते : "मॅडम, तुम्ही बायांना उगाच घाबरवून राहिल्या. चौथ्या आठवड्यात तर पाळीही चुकलेली नसते, तेव्हा कुठली न्यूरल ट्यूब बंद होते? आमच्या मिसेसला फॉलिक ॲसिड तिसऱ्या महिन्यात सुरू झालं, पोरगा ठणठणीत आहे. नागपूरच्या ४५ डिग्रीत आमच्या आयांनी पोरं जन्माला घातली, तापाची भीती नका दाखवू. आकृतीतलं काही वाचता येत नाही. सगळी गोळ्यावाल्यांची दुकानदारी."

आकृतीचं मान्य. मोबाईलवर अक्षरं बारीक दिसतात, मोठी करून टाकते.

पण 'दुकानदारी' हा शब्द मला लागला. फॉलिक ॲसिड ही औषधाच्या दुकानातल्या अगदी स्वस्त गोळ्यांपैकी एक, सरकारी दवाखान्यात तर फुकट मिळते. तिच्यावर कोण बंगले बांधणार? मेडिकलच्या मुलांना भ्रूणशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. शंका घ्या, हवी तेवढी घ्या; हेतूवर शिंतोडे कशाला?

आता तुमचा 'चौथा आठवडा', ज्यात न्यूरल ट्यूब, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नळी, बंद होते. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. भ्रूणशास्त्रात दिवस मोजतात ते फलन झाल्यापासून. दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो, आणि लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात मी 'फलनापासून' असं लिहिलं होतं. तेवढं वाचलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. २८ दिवसांचं चक्र धरलं तर पाळीची तारीख उलटते तेव्हा फलन होऊन १४ दिवस झालेले असतात. तेव्हा मज्जासंस्थेचं नावनिशाण नसतं, इथवर तुमचं बरोबर. सगळी घाई त्यानंतरच्या दोन आठवड्यांत होते.

१८व्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या पाठीकडचा पेशींचा थर जाड होतो. हा न्यूरल प्लेट, डोक्याकडे रुंद आणि शेपटाकडे निमुळता. खालच्या नोटोकॉर्डकडून, म्हणजे गर्भाच्या मधून जाणाऱ्या पेशींच्या दांड्याकडून, येणारे संदेश त्याला आकार देतात. मधोमध खाच पडते, दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि २२व्या दिवशी मानेच्या भागात पहिल्यांदा जुळतात. तिथून चेन लावावी तसं काम वर आणि खाली सरकत जातं, फक्त ही चेन दोन्ही दिशांनी लागते. डोक्याकडचं तोंड २५व्या दिवसाच्या आसपास मिटतं, शेपटाकडचं २८व्या. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. दवाखान्याच्या भाषेत तो सहावा आठवडा. गर्भ तेव्हा असतो ४ मिलिमीटरच्या आसपास. सोनोग्राफीत जो नुसता ठिपका दिसतो, त्याची नळी मिटलेली असते किंवा उघडी राहून गेलेली असते.

वरचं तोंड उघडं राहिलं तर मेंदूचा उघडा भाग गर्भजलात झिजत जातो आणि कवटीचं छत बनत नाही. असं बाळ जगत नाही. खालचं राहिलं तर पाठीवर मज्जारज्जूची उघडी गाठ येते. मग पायांतली ताकद जाते, लघवी-शौचावरचा ताबा जातो, पुष्कळदा डोक्यात पाणी साठतं. या पेशी झपाट्यानं विभागत असतात, विभागणीसाठी डीएनए लागतो आणि डीएनए बनवायला फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या गोळीतून मिळणारं जीवनसत्त्व. रक्तातला फोलेटचा साठा वाढायलाच काही आठवडे जातात. म्हणून गोळी गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि पुढे बारा आठवड्यांपर्यंत. दुकानात सर्रास मिळते ती मात्र ५ मिलिग्रॅमची, म्हणजे बारापटीहून जास्त. ती आधीच्या बाळाला हा दोष असेल, किंवा मधुमेह, फिटवरचं व्हॅल्प्रोएट अशी कारणं असतील तर, तीही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. आणि व्हॅल्प्रोएट मनानं बंद करू नका, फिट येणं आणखी धोक्याचं.

तुमचा मुलगा ठणठणीत आहे याचा खरंच आनंद आहे. गोळी न घेताही बहुतेक बाळांची नळी नीट मिटते, हे लेखात लिहिलेलं आहे. गोळी धोका कमी करते. आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांवरचा ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. रोज ४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत दोष पुन्हा येण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. एका घरातलं एक मूल त्याला उत्तर होऊ शकत नाही. तिसऱ्या महिन्यात सुरू झालेली गोळी रक्तवाढीला उपयोगी पडते, नळीला नाही. ती मिटून काही आठवडे उलटलेले असतात.

४५ डिग्री बाहेर असते, अंगात नाही. घाम येऊन शरीर आतलं तापमान ३७ अंशांजवळ राखतं. मी लिहिलं ते तापाबद्दल, जेव्हा आतलंच तापमान चढतं. त्या दिवसांत ताप अंगावर काढू नका, एवढंच म्हटलं होतं. यात भीती कुठे दिसली?

लग्न ठरलेल्या मुली हा लेख वाचतात, त्यांच्या सासवाही वाचतात. तुमची एक ओळ वाचून कुणी गोळी तिसऱ्या महिन्यावर ढकलली तर ते दोन आठवडे परत मिळत नाहीत. म्हणून प्रतिक्रिया न काढता तिच्याखालीच हे उत्तर ठेवते आहे. दिवसांच्या हिशेबात चूक दिसली तर जरूर लिहा, छापेन. 'दुकानदारी' पुन्हा आली तर छापणार नाही.