सगळ्या खोकल्यांना एकच काढा नको

थंडी पडली की व्हॉट्सअ‍ॅपवर काढ्याचे फॉरवर्ड सुरू होतात, आलं मिरी सुंठ लवंग दालचिनी सगळं एकत्र उकळा आणि दिवसातून तीनदा प्या. माझं स्पष्ट मत आहे की कोरड्या खोकल्याला हे देऊ नका. कफ साठलाय, छाती भरलीये, तर ठीक आहे. पण ज्याच्या घशात नुसतं टोचतंय, आडवं पडलं की ढास लागते आणि खोकून खोकून पोट दुखलं तरी सुटत काहीच नाही, त्याला एवढं तिखट पाजलं तर घसा आणखी जळणारच ना. आयुर्वेदात ह्याला वातज कास म्हणतात आणि त्यावर उपाय स्निग्ध सांगितलाय. रात्री गरम हळदीच्या दुधात चमचाभर तूप घालून द्यायची पद्धत त्यातलीच.

अडुळसाही लोक सरसकट देतात, पण तो मुख्यतः कफाचा. त्यातल्या वासिसिनवरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं.

माझा खरा भरवसा ज्येष्ठमधावर. काष्ठौषधीच्या दुकानातून पावडर न आणता काडी आणा, वरून तपकिरी आणि आतून पिवळी, तंतूतंतूंची. बोटाच्या पेराएवढा तुकडा दाढेखाली धरायचा आणि नुसता चघळत राहायचं, आधी जरा मातकट लागतं, मग गोडी उतरते, तोंडाला पाणी सुटतं आणि ते घशाखाली गेलं की टोचणं कमी होतं. सोबत खडीसाखर चालते. पण बीपीवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी ह्याच्या वाटेला जाऊ नये, त्यातल्या ग्लिसिरायझिनने बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. झाडपाला आहे म्हणजे अपाय नाही, असं कृपया कुणाला सांगू नका. मधाचंही तेच, 1 वर्षाखालच्या बाळाला बोटभरसुद्धा चाटवायचा नाही, बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा, धोका असतो, मग घरातलं कुणी कितीही आग्रह करो.

आणि एक, घरात कुणी बीपीसाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल घेत असेल आणि कोरडा खोकला हटतच नसेल तर तो त्या गोळीचाही असू शकतो, तिथे ज्येष्ठमध तर मुळीच नको. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. 2 आठवड्यांच्या वर कुठलाही खोकला राहिला तर टीबीची तपासणी करा, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.