झोन नंबर पाच

१९७८ साली बिल मॉलिसन आणि त्यांचा विद्यार्थी डेव्हिड होल्मग्रेन यांनी पर्माकल्चरवरचं, म्हणजे निसर्गाच्या रीतीने आपोआप टिकणाऱ्या शेतीवरचं, पहिलं पुस्तक काढलं, तेव्हा त्यांच्यासमोर ऑस्ट्रेलियातलं अख्खं टास्मानिया बेट पसरलं होतं. माझ्यासमोर कोथरूडच्या फ्लॅटची साडेतीन फुटी गॅलरी आहे.

शास्त्र सांगतं, जागेचे शून्य ते पाच असे झोन पाडा. शून्य म्हणजे घर. एक म्हणजे रोज हात लागतो तो भाजीचा वाफा. पुढे फळबाग, शेत, रान, आणि पाच म्हणजे माणसाने लुडबुड करायची नाही असं जंगल. पाडले. शेत आणि रान कपड्यांच्या स्टँडखाली गेलं, कारण स्टँड हलवायला हिचा ठाम नकार. जंगलासाठी एसीमागची फळी राखली, तर तिथे कबुतरांची जुनी वहिवाट निघाली. लुडबुड नको, हे तत्त्व आता तीच मला शिकवतात.

खरा छळ कंपोस्टचा. कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर साधारण तीसास एक हवं. नायट्रोजन, म्हणजे भाजीची देठं आणि सालं, घरात हवा तेवढा. कार्बनसाठी वाळका पाला लागतो, आणि झाडणाऱ्या मावशी तो पेटवायच्या आत गाठावा लागतो. भल्या पहाटे गोणी घेऊन मी गुलमोहराखाली वाकलेला असतो. दूध आणायला निघालेल्यांना वॉचमन हळू आवाजात सांगतो, "साहेबांची नोकरी गेली वाटतं."

पावसाळ्यात डब्यात अळ्या झाल्या. घाबरायचं नसतं. ही ब्लॅक सोल्जर फ्लायची पिलावळ; माशी चावत नाही, अळ्या कचऱ्याचा फडशा पाडतात. फक्त कोषात जायची वेळ आली की त्या कोरडी, अंधारी जागा शोधायला डब्याबाहेर पडतात. आमच्याकडची सर्वांत कोरडी, अंधारी जागा दिवाणाखाली. दिवाणावर सासरे चहा घेत बसलेले.

"जावईबापू, हे काय?"

"खत आहे बाबा. घरात ठेवलं तरी चालतं."

"चालतं ते दिसतंय," त्यांनी पाय वर घेतले.

मॉलिसन म्हणायचे, तुमच्याकडे गोगलगायी जास्त झालेल्या नाहीत, बदकं कमी पडलीत. त्या न्यायाने आमच्याकडे कोंबड्या कमी आहेत. तेव्हा गच्चीवर कोंबड्या पाळायचा प्रस्ताव मी वार्षिक सभेच्या 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यात घुसवलाय. अध्यक्ष आमच्या बरोबर खालीच राहतात, आणि गॅलरीतल्या पाण्याच्या पाइपातून अळ्यांना खाली उतरता येतं. परवानगी मिळेल.