अंगठा उमटत नाही

निरोप समारंभात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि एक वही मिळाली. शाल कपाटात गेली, श्रीफळाची दुसऱ्या दिवशी सोलकढी झाली. वही तेवढी उरली. जाड पुठ्ठ्याची, आत नुसती कोरी पानं, रेघासुद्धा नाहीत. देणारी आमच्या शाखेतली सगळ्यात तरुण ऑफिसर. म्हणाली, "सर, छत्तीस वर्षं लोकांचे पैसे मोजलेत. आता रोज सकाळी शांत बसायचं आणि मनात येईल ते लिहायचं. आपण खरे कोण आहोत ते कळतं." मी हो म्हटलं. गळ्यात हार असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

मी बँकेत कॅशियर होतो. ३१ मे २०२४ ला निवृत्त झालो, कारण कागदोपत्री माझा जन्म १ जूनचा, आणि एक तारखेला जन्मलेल्या माणसाला आदल्या महिन्याच्या अखेरीसच घरी पाठवतात. आता १ जून ही तारीख आईने दिलेली नाही, मास्तरांनी दिलेली आहे. वय भरत नव्हतं म्हणून शाळेत घालताना त्यांनी ती ठोकून दिली. आई सांगायची, मी झालो तो गणपतीच्या आदल्या रात्री, लाइट गेलेले असताना. म्हणजे माझी हक्काची चार महिन्यांची नोकरी मास्तरांनी सहाव्या वर्षीच खाल्ली होती. ज्याला आपण कधी जन्मलो हेच धड ठाऊक नाही, त्याने आपण कोण हे शोधायला बसायचं!

पण बसलो. लगेच नाही. पहिल्या दिवशी शनिवार होता, महिन्यातला पहिला, म्हणजे बँक चालू. साडेपाचला जाग आली, दाढी झाली, आणि पाय आपोआप स्टेशनच्या दिशेने निघाले. गोखले रोडवर आल्यावर लक्षात आलं की हातात डबा नाही. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघाली आणि ३४ किलोमीटर धावून ठाण्याला येऊन थांबली. तेव्हापासून आजतागायत ठाणेकर सकाळी उठून त्याच रुळांवरून उलट्या दिशेने पळतोय. मी एकटाच गोखले रोडवर उभा. शेवटी अर्धा डझन केळी घेतली आणि काही काम निघाल्यासारखा घरी परतलो.

सोमवारी सकाळी दहाला गॅलरीत खुर्ची टाकली, वही उघडली आणि पहिल्या पानावर लिहिलं : मी कोण? खाली दुहेरी रेघ मारली, बेरजेखाली मारतो तशी. मग डोळे मिटले.

कुकरची शिट्टी झाली. एक. मी थांबलो. दोन. तिसरी होईपर्यंत स्वतःकडे वळण्यात अर्थ नव्हता. तिसरी झाली, आणि चौथीही झाली. मी गॅलरीतून ओरडलो, "अगं, चार झाल्या!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "राजमा आहे. तुम्ही तुमचं लिहा." मग कुरिअरवाला आला. मग फरशी पुसायला मावशी आल्या आणि म्हणाल्या, "काका, पाय वर घ्या." आत्मचिंतनाला मांडी घालून बसावं म्हणतात ते बहुधा याचसाठी.

आठवडाभरात एक गोष्ट मात्र कळली, आणि ती माझ्याबद्दलची नव्हती. दहा ते पाच या वेळात आमचं घर माझं नाही. मी इतकी वर्षं समजत होतो की मी आठ अकराची फास्ट पकडली की घर मिटून बसतं आणि संध्याकाळी बेल वाजली की उघडतं. प्रत्यक्षात तिथे एक वेगळंच राज्य नांदत होतं. दीड वाजता बहिणीला फोन. दोनला कोचावर आडवं होणं. आणि अडीच वाजता हिचा एकटीचा चहा, सोबत खारी. ही खारी खाते! मला विचाराल तर हिला बेकरीचं काही चालत नाही, हे मी लग्नापासून चारचौघांत सांगत आलोय. डबा कुठे असतो विचारलं तर तांदळाच्या डब्यामागे असं सरळ सांगितलं, आणि पुढे म्हणाली, "तुम्ही बँकेतली लॉकरची किल्ली कधी मला दाखवलीत का?"

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "अहो, बाहेर जाऊन शोधा ना स्वतःला. इतकी तळी आहेत ठाण्यात."

मसुंदा तलावावर जायचं तर तलावपाळीला शांतता म्हणून नाही. कोपिनेश्वराची घंटा, पॅडल मारायच्या होड्या, भेळवाले, आणि 'दादा, जरा फोटो काढता का' म्हणणारी जोडपी. म्हणून कचराळी धरला. महापालिकेच्या इमारतीसमोरचा हा छोटा तलाव, भोवती फिरायला छान रस्ता. इथे पहाटे निम्मं ठाणं गोल गोल फिरत असतं, सगळे एकाच दिशेने. एखादा उलटा फिरला तर लोक असं बघतात की पासबुक भरताना रांग मोडली आहे. मी चालता चालता स्वतःबद्दल विचार करायचं ठरवलं. पण फेऱ्या मोजल्या, मग एका फेरीची पावलं मोजली, मग दोन्हींचा गुणाकार केला. सहाव्या फेरीला हिशेब चुकल्यासारखा वाटला म्हणून सातवी मारली, नुसती टॅली करायला.

फेरी संपली की कट्टा. आमच्या कट्ट्यावर सगळे साठीपुढचे. मी मोठ्या आशेने विषय काढला, की आता मागे वळून बघताना काय वाटतं वगैरे. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर गंभीर झाले. म्हणाले, "कॉर्पस घसघशीत घ्यायला हवा होता." ते सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटबद्दल, बिल्डर सभासदांना देतो त्या रकमेबद्दल बोलत होते. आमच्या नौपाड्यात सध्या कुणीही अंतर्मुख होत नाही. सगळे कार्पेट एरियामुख आहेत. देह नश्वर आहे हे सगळ्यांना मान्य, पण ताबा मिळेपर्यंत तो टिकावा एवढीच अपेक्षा. गुडघे, बिल्डर, गुडघे, पार्किंग. साडेसातला सभा विसर्जित.

असा नोव्हेंबर उजाडला. पेन्शनरांचा पौष! या महिन्यात आपण हयात आहोत हे दरवर्षी सिद्ध करावं लागतं. शाखा घराजवळची निवडली होती. जाताना इस्त्रीचा शर्ट घातला, कारण कसंही झालं तरी बँकेत जायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा काचेच्या या बाजूला रांगेत उभा राहिलो. इकडून बघितलं की काउंटर केवढा उंच वाटतो! आतला मुलगा मोजताना नोटा टेबलावर ठेवत होता, हातात धरत नव्हता, आणि समोरचा बोटं ओली करायचा स्पंज कोरडा ठणठणीत होता. मी जीभ चावली.

"काका, अंगठा ठेवा."

ठेवला. मशीनने लाल दिवा दाखवला. "पुसून ठेवा." पुसून ठेवला. लाल. "दुसरा ठेवा." मग तर्जनी, मग डाव्या हाताची. मागे रांग वाढत होती. एका आजोबांनी सल्ला दिला, की कपाळाला बोट घासा, तेल लागतं, मग उमटतं. घासलं. लाल. मुलगा वैतागला नाही, हे त्याचं कौतुक. म्हणाला, "वयानं रेषा पुसट होतात काका. हाताचं काम असेल तर आणखी लवकर. तुम्ही कामाला काय करत होता?"

"हेच," मी म्हटलं, "तुम्ही बसलाय तिथे."

त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. मीही पाहिलं. उजव्या अंगठ्याचं पेर गुळगुळीत झालं होतं, वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या पाटीसारखं. पूर्वी पाकिटांना पिना मारलेल्या असायच्या, त्या काढताना टोचायच्या. शंभर नोटांचं एक पाकीट, दहा पाकिटांचं बंडल, अशी किती गेली याच अंगठ्याखालून. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा ३० डिसेंबरपर्यंत तर मी झोपेतही मोजत होतो. ही सांगते, रात्री चादरीचं टोक अंगठ्याने सरकवत असायचो. त्या दिवसांत एकदा कॅश चार हजारांनी कमी आली, ती खिशातून भरली. घरी सांगितलं नाही. खारीसारखंच ते, ज्याच्या त्याच्या डब्यामागे.

शेवटी मुलाने मोबाइलवर चेहऱ्याने काम भागवलं. "कॅमेऱ्यात बघा आणि डोळे मिचकवा." साठीत एका बँकेत उभं राहून, मागे पंचवीस माणसं असताना, फोनला डोळे मिचकावणं सोपं नाही. पहिल्यांदा मी दोन्ही इतके घट्ट मिटले की यंत्राला मी गेलोच असं वाटलं असावं. दुसऱ्यांदा जमलं. हयात ठरलो. जाताना त्याला हळूच म्हटलं, "स्पंज ओला ठेवा हो."

घरी आलो तेव्हा अडीच वाजले होते. हिने न विचारता दुसरा कप काढला आणि बशीत दोन खाऱ्या ठेवल्या. मी ऐटीत सांगितलं, की माझा अंगठाच उमटत नाही. "मग कागदावर सही करून घ्यायची," ती म्हणाली. विषय संपला.

त्या दिवशी वही आठवली. गॅलरीत नव्हती. फ्रिजवर सापडली, पेन खोचलेली. पहिलं पान उघडलं. वर माझं अक्षर : मी कोण? दुहेरी रेघ. आणि रेघेखाली हिचं अक्षर : शर्ट ४ – ४०, पँट २ – २०, साडी १ – ५०. एकूण १२०. पुढची अकरा पानं भरलेली होती. दूध, इस्त्री, मावशींच्या सुट्ट्या.

मी चष्मा लावला. बेरीज पुन्हा केली, खालून वर, वरून खाली. "अगं, एकशेदहा होतात. दहा रुपये जास्त गेलेत."

"मग जा, घेऊन या."

चपला घातल्या. इस्त्रीवाला खाली जिन्याशीच असतो. त्याने वाद घातला नाही, गल्ल्यातून दहाची नोट काढून दिली. चार घड्या घातलेली. मी ती उलगडली, अंगठ्याने सरळ केली, उजेडात धरली. मळकी होती, फाटकी नव्हती. चालेल म्हटलं आणि खिशात टाकली.